उन्हाची पेटी

‘समजलं का?’ असं कुणी म्हटलं की बाई हातातला कप खाली ठेवायच्या. मग समोरच्याची धडगत नसे. “असं इचारलं तर कोनीबी हाव म्हणतंय,” त्या म्हणायच्या, “समजलं असंल तर दाखव म्हणा.” हा नियम त्यांच्या वर्गापुरता असता तर आम्ही सोसला असता. पण तो एस.टी.च्या कंडक्टरपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना लागू होता. एकदा शिपायाला पोस्टात पाठवताना त्यांनी सगळा निरोप त्याच्याकडून म्हणवून घेतला. तो बिचारा ‘दोन आंतरदेशीय, एक कार्ड’ असं घोकत निघाला तो सायकल शाळेतच विसरून पायी गेला.

आमची शाळा लातूरपासून तासाभराच्या वाटेवरच्या एका गावात होती. मी मराठी शिकवायची. खडू, फळा आणि घसा एवढ्या भांडवलावर माझा धंदा चालला होता आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. बाई विज्ञानाच्या. आम्ही दोघी एकाच वाड्यावजा घरात शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी त्यांच्यापासून सुटका नसे. लातूर जिल्हा तेव्हा नवाच होता. पूर्वी कुठल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे, आता लातूर. तेवढंच तिकीट वाचलं. लोकांना वाटलं होतं, जिल्हा झाला की सगळंच होईल. पण पाऊस काही जिल्ह्याच्या हुकमतीत नव्हता. ओळीनं दोन वर्षं त्यानं तोंड दाखवलं नाही आणि गावच्या विहिरींत लेकरं उतरून गोट्या खेळू लागली.

बाई मूळच्या किनवटकडच्या. बोलण्यात ‘काय करून राहिल्या?’ असं आलं की आमची पोरं खुदकन हसायची आणि बाईही हसायच्या. वडील लाकडाच्या वखारीत मजुरीला. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पोरीला वसतिगृहात नेऊन घातलं. तिथं बाई सातवीला विज्ञानात नापास झाल्या. ही गोष्ट त्या अभिमानानं सांगत. “मास्तर रोज इचारायचे, समजलं का? मी रोज मान डोलवायची. मान डोलवून डोलवून नापास झाले, बाई. मान तर नंदीबैलबी डोलवतो.”

अशा बाई चाळिशीला टेकल्यावर एम.एड. करायला निघाल्या. नोकरी सांभाळून करायचा अभ्यासक्रम नांदेडच्या कॉलेजात होता. शनिवारी सकाळची शाळा संपली की बाई अहमदपूरवरून नांदेडची गाडी धरत, रविवारभर वर्गात बसत आणि सोमवारी प्रार्थनेला डोळे लाल घेऊन हजर असत. विषय घेतला शैक्षणिक तंत्रविज्ञान. आमच्या मुख्याध्यापकांना हे नावच पचलं नाही. “तंत्र म्हंजे? मंत्र-तंत्रातलं का?” त्यांनी विचारलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण नव्या गोष्टीवर त्यांचा फार राग. शाळेत घड्याळ नवं आणलं तरी ते आठवडाभर त्याच्याकडे पाहत नसत.

नांदेडच्या कॉलेजात बाईंनी पहिल्यांदा प्रक्षेपक पाहिला. काचेवर पारदर्शक कागद ठेवायचा, बटण दाबायचं की भिंतीवर चित्र. आल्या त्या भारावून आल्या, आणि दुसऱ्या दिवशीच त्यांचा चेहरा उतरला. आमच्या शाळेत वीज होती, म्हणजे बटणं होती. ती दाबायचा प्रसंग क्वचित येई. मी म्हटलं, “जाऊ द्या बाई, परीक्षेत लिहा आणि मोकळ्या व्हा.”  त्या अंगणात बसून नुसत्या उन्हाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, या दुष्काळात सगळं आटलं. ऊन काय आटलं न्हाई.”

त्यातून ती पेटी जन्माला आली. गावच्या सुतारानं बनवलेला लाकडी खोका, एका तोंडाला भिंग, दुसऱ्या तोंडाला चित्र अडकवायची फट. वर्गाच्या खिडक्या पोत्यांनी बंद करायच्या, एका पोत्याला भोक पाडून तिथं पेटी लावायची आणि बाहेर आरसा धरून ऊन त्या भोकात सोडायचं. सूर्य सरकला की आरसाही सरकवायचा. आरसा धरायची पाळी मिळावी म्हणून पोरं-पोरी एकमेकांची दप्तरं वाहू लागली. चित्रांसाठी बाई लातूरच्या एका दवाखान्यातून रद्दीतले एक्स-रे मागून आणायच्या, भांडी घासून उरलेल्या पाण्यात सोडा टाकून त्यावरचा काळा थर घासून काढायच्या आणि त्या स्वच्छ फिल्मवर शाईनं चित्र काढायच्या. पाणी असं ‘छायाचित्रं धुवायला’ घालवतात म्हणून घरमालकीण आठ दिवस फुगून बसली होती.

पहिल्या दिवशी फजिती झाली. चित्र सरळ लावलं की भिंतीवर उलटं उमटतं हे बाई विसरल्या. भिंतीवर विहीर उमटली ती छताला टांगलेली. मागून एक पोरगं ओरडलं, “बाई, इहीर उपडी झाली, म्हणूनच पानी सांडलं!” सगळा वर्ग लोळून हसला. बाई सगळ्यांत जास्त. दुसरी फिल्म लावली तर ती नीट घासली गेली नव्हती. जमिनीच्या थरांच्या चित्रामागे कुणाच्यातरी बरगड्या दिसू लागल्या. “बाई, हे कोनाचं हो?” एका मुलीनं घाबरून विचारलं. बाईंनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “जमिनीच्या बरगड्या हायेत. बघ, मधी मधी भेगा दिसतात का? पाणी तितंच बसतं. खडकाच्या पोटात न्हाई, खडकाच्या भेगंत.” ती बरगड्यांची फिल्म त्यांनी पुढे कधीच घासली नाही.

मुख्याध्यापकांनी मात्र पोत्यांनी बंद केलेला वर्ग पाहून कपाळाला हात लावला. “शाळा हाय का तंबूतला सिनेमा?” बाईंनी सांगितलं की हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय आहे. सरांनी विचार केला आणि निकाल दिला, “ठीक हाय. एम.एड. होऊन दाखवा, पेटी वर्गात राहील. न्हाई झालात तर पेटी अडगळीत. मग माझ्याकडं पुन्हा इजाजत मागायला यायचं न्हाई.” बाईंना ‘दाखवा’ हा शब्द आवडला. त्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं.

प्रबंधाची रीत अशी, की सारख्या कुवतीचे दोन गट घ्यायचे. आमच्या आठवीच्या अ आणि ब तुकड्या आधीच्या चाचणीत अगदी सारख्या निघाल्या होत्या. ‘भूजल’ हा घटक अ तुकडीला पेटीनं शिकवायचा, ब तुकडीला नुसता खडू-फळ्यानं. मग दोघांची तीच परीक्षा घ्यायची. अ गट ठळक पुढे गेला तर पेटीचा उपयोग सिद्ध. शिकवणार दोघांना बाईच. पेटी चालू असताना ब तुकडीनं डोकावू नये म्हणून तिला लिंबाखाली नेऊन कविता शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या आयुष्यात कवितेचा इतका अपमान कधी झाला नाही. सगळ्या माना खिडकीकडे. मी अर्थ सांगतेय आणि पोरं आरसा धरणाऱ्याकडे बघून सुस्कारे सोडताहेत.

बाई ब तुकडीला शिकवायच्या तेव्हा मला त्यांची दया येई. खडूनं त्या जीव तोडून शिकवत, एक शब्द राखून ठेवत नसत, पण तास संपला की शिक्षकांच्या खोलीत येऊन बोटांवरचा खडू पुसत बसत. “एका ताटातली भाकर अर्ध्यांना दाखवून खायची, तसं वाटून राहिलं,” एकदा म्हणाल्या. तरी त्यांनी नियम मोडला नाही. अ तुकडीला ताकीद होती, पेटीतलं काही ब तुकडीला सांगायचं नाही.

परीक्षा झाली. बाई पेपर तपासायला बसल्या त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मध्येच त्यांनी हाक मारली. आवाज ऐकून मी पिठाच्या हातानं गेले. दोन्ही गठ्ठे समोर पसरलेले. अ तुकडीला उत्तम गुण. ब तुकडीलाही तितकेच उत्तम. फरक नावाला नाही. आणि ब तुकडीच्या पेपरांत ठिकठिकाणी एकच वाक्य: पाणी खडकाच्या पोटात नाही, भेगेत बसतं. काहींनी तर शेजारी बरगड्या काढल्या होत्या.

“ब तुकडीनं तर बरगड्या पाह्यल्याच न्हाईत,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब तुकडीतल्या एका मुलीला बोलावलं. ती आधी रडकुंडीला आली. मग म्हणाली, “बाई, टँकरच्या लाईनीत.”

टँकर दुपारच्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी यायचा. त्याच्या खूप आधीपासून गावातली लेकरं घागरी, डबे, कॅन लावून उभी असत, आमच्याच दोन्ही तुकड्यांची. उभं राहून राहून करायचं काय? अ तुकडीच्या पोरांनी धुळीत बोटानं थर काढले, काठीनं भेगा पाडल्या, घागरीतलं तळाचं पाणी ओतून ते कुठून मुरतं ते दाखवलं.

“तुमाला ताकीद होती ना, सांगायचं न्हाई म्हणून?” बाईंनी अ तुकडीच्या एका पोरीला दरडावलं.

ती म्हणाली, “आमी सांगितलंच न्हाई, बाई. दाखवलं. तुमीच म्हणता, समजलं असंल तर दाखव.”

 बाईंनी तिला वर्गात पाठवलं आणि माझ्याकडे वळून अशा हसल्या की ते हसणं होतं की रडणं, मला आजही ठरवता येत नाही. वर्षभराचा प्रयोग त्यांच्याच शिकवणीनं बुडवला होता.

माझं माहेर नांदेडचं, त्यामुळे अधूनमधून मी त्यांच्याच गाडीला असे. त्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. कॉलेजात दाखवायला घेतलेली पेटी नेहमीप्रमाणे त्यांच्या मांडीवर होती. लगेज म्हणून तिचं तिकीट काढायला कंडक्टरनं सांगितलं की बाई दरवेळी भांडत. “लेकरू हाय माझं. मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय का?” मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत असे. पेटी थोडा वेळ घ्याल का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा साडी चुरगळेल म्हणून मी टाळलं होतं.

त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक सज्जन आणि व्यवहारी होते. आकडे पाहून त्यांनी चष्मा काढला. “बाई, फरकच नाही तर प्रबंध कसला? तुमच्या नोंदणीची मुदत संपत आली आहे. ब गटाचे गुण जरा खाली घ्या. सुतार लाकूड तासतोच की.”

“लाकूड तासतो सर,” बाई म्हणाल्या, “फूटपट्टी न्हाई तासत.”

सर ओशाळले. मग त्यांनीच सुचवलं, जे झालं ते तसंच लिहा, पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक काय म्हणतील याची हमी माझ्याकडे मागू नका. बाईंनी तसंच लिहिलं. टँकरच्या रांगेवर एक आख्खं प्रकरण लिहिलं, धुळीतल्या आकृत्यांसकट.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात बसले होते. दार उघडंच होतं. परीक्षकांनी ते प्रकरण आवडीनं वाचल्याचं दिसत होतं, पण शेवटी त्यांनी विचारलं, “दोन्ही गट मिसळले. म्हणजे तुमचा प्रयोग फसला, असंच म्हणायचं ना?”

“हाव सर,” बाई म्हणाल्या. “प्रयोग फसला. लेकरं पास झाली.”

आतली सगळी हसली. परीक्षकही मनापासून हसले. आणि मग त्यांनी प्रयोग पुन्हा करून प्रबंध नव्यानं सादर करावा, असा शेरा दिला. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. नियम तो नियम. पण मला त्या हसण्याचा इतका संताप आला, की परतीच्या गाडीत मीच बडबडत होते आणि बाई मला शेंगदाणे देत होत्या. सोमवारी मुख्याध्यापकांनी शिपायाला बोलावलं. पेटी अडगळीत गेली, मोडक्या बाकांवर. खिडक्यांची पोती निघाली आणि वर्गात रखरखीत उजेड आला. पोरं दिवसभर कुणी मेल्यासारखी बसून होती.

मला वाटलं, संपलं. चाळिशीतल्या बाईनं किती धावायचं? घरीही तेच बोलणं. त्यांचा धाकटा भाऊ किनवटहून येऊन समजावून गेला, “अक्का, हाय ती नोकरी बरी हाय न्हवं?” बाईंनी त्याला जेवू घातलं, गाडीत बसवून दिलं आणि परत येताना कॉलेजला मुदतवाढीचा अर्ज टाकून आल्या. शाळेकडे बिनपगारी रजा मागितली. पेटी स्वतःची होती, तेव्हा अडगळीतून ती उचलायला इजाजत लागत नव्हती.

या वेळी त्यांनी दोन गावं निवडली. एक औशाच्या बाजूचं आणि दुसरं पार निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या वेशीला. दोन्हींत इतकं अंतर की टँकर सोडा, वाराही एकाचा दुसऱ्याला लागू नये. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना त्यांनी कसं वळवलं ते मला ठाऊक नाही. औशाकडच्या गावाला पेटी, वेशीवरच्या गावाला खडू. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्या उन्हाळ्यात बाई काळ्याठिक्कर पडल्या. ओठ फुटले. घोटभर पाण्याची बाटली दिवसभर पुरवायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, “एका पदवीपायी जीव देता का?” तर म्हणाल्या, “पदवी गेली खड्ड्यात. पेटी वर्गात पायजे.”

या वेळी फरक आला. ठळक, निर्विवाद. औशाकडचं गाव खूप पुढे, वेशीवरचं खूप मागे. मार्गदर्शक सर खूश झाले. प्रबंध गेला, तोंडी परीक्षा झाली, त्या वेळी कुणी हसलं नाही. निकालाची वाट पाहत आम्ही घरात पाल चुकचुकली तरी कान टवकारत होतो. बाई मात्र रजेचे उरलेले दिवस सकाळी उठून कुठंतरी जात. विचारलं तर “काम हाय,” एवढंच.

निकाल कळला तो मला. माझ्या भावानं नांदेडहून शाळेच्या पत्त्यावर तार केली. मुख्याध्यापकांनी ती वाचली, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “जावा, सांगा त्यांना. अर्धा दिवस रजा मांडू नका.” मी घरी धावले तर खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, “पेटी घिऊन गेल्यात. निलंग्याच्या गाडीत बसताना बगितलं म्या.”

मला काही कळेना. वेशीवरच्या गावात त्यांचं आता काय काम? तो गट तर खडूचा होता, आणि प्रयोग संपला होता. दोन गाड्या बदलून मी पोचले तेव्हा दुपार कलत होती. शाळेच्या एका वर्गाच्या खिडक्यांना पोती लावलेली. बाहेर एक मुलगी दोन्ही हातांनी आरसा सावरत उभी, कपाळावरून घाम निथळतोय, पण हात हलत नाही. मी दार ढकललं.

अंधारात भिंतीवर त्याच बरगड्या उमटल्या होत्या. मी दारातूनच ओरडले, “बाई, पास झालात!”

“दार लावा आधी,” आतून आवाज आला. “ऊन कललंय.”

मी मुकाट्यानं दार लावून मागच्या बाकावर बसले. बाई कुणाला काही विचारत नव्हत्या. एक लहानखुरी पोर आपण होऊन उठली, भिंतीपाशी गेली आणि टाचा उंचावून तिनं बरगड्यांमधल्या भेगेवर बोट ठेवलं. तिच्या घरी कन्नड बोलत असावेत. “इल्ली, बाई,” ती म्हणाली. “नीरू इल्ली.” इथं. पाणी इथं आहे. बाईंनी फक्त मान हलवली. मान हलवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, तरीही.

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, “प्रयोग संपला, पदवी मिळाली. आता हे कशाला?”

त्या पोत्याची घडी घालत होत्या. “या लेकरांना मी मुद्दाम मागं ठेवलं, बाई. फरक दिसावा म्हणून. प्रबंधाला फरक लागतो. गावाला न्हाई लागत.” मग पोतं काखेत मारून म्हणाल्या, “आमच्या पोरांनी टँकरपाशी तो मिटवला. इथं मिटवायला मलाच यावं लागलं.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

परतीच्या गाडीत बाई बसल्या बसल्याच झोपल्या, आणि पेटी त्यांच्या मांडीवरून घसरू लागली. मी ती उचलून माझ्या मांडीवर घेतली. बरीच जड होती. साडी चुरगळली, सुताराचा एक खिळा पदराला लागला. कंडक्टर आला आणि म्हणाला, “हे लगेज कोनाचं? तिकीट लागंल.” झोपलेल्या बाईंकडे मी एकदा पाहिलं आणि पैसे काढायला पर्स उघडली. मग बंद केली.

“लगेज न्हाई,” मी म्हटलं. “आमचं लेकरू हाय.”